माजी सैनिकांना उपचार सारखे, मग आरोग्यात फरक का उरतो?

पुण्यात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची रुग्णालये आहेत. तिथे डॉक्टर पगारी असतात, औषधे एकाच यादीतून मिळतात आणि रुग्णाला खिशातून फारसे काही द्यावे लागत नाही. असे असूनही कृष्णवर्णीय, लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) आणि मूलनिवासी माजी सैनिकांचे आरोग्य काही बाबतींत गोऱ्या माजी सैनिकांपेक्षा वाईट का? सोय सारखी असूनही फरक उरतो, म्हणजे तो जनुकांतच आहे असे धरायचे का? आणि या विषयावर प्रबंध लिहायचा झाला तर सुरुवात कुठून करावी?

मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आहे. एम.बी.बी.एस. मिरजेला केले, पुढचे शिक्षण अमेरिकेत झाले आणि गेली वीसहून अधिक वर्षे मी माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात काम करते. हे रुग्णालय केंद्र सरकारच्या माजी सैनिक विभागाचे आहे. इथे सगळे त्याला ‘व्हीए’ म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते. देशभरात व्हीएची सुमारे १७० रुग्णालये आणि हजाराहून अधिक बाह्यरुग्ण केंद्रे आहेत आणि सुमारे ९० लाख माजी सैनिकांची तिथे नोंदणी आहे. एवढी मोठी, देशभर पसरलेली एकात्मिक आरोग्यव्यवस्था अमेरिकेत दुसरी नाही, त्यामुळे वर्ण आणि आरोग्य यांचा संबंध तपासायचा तर याहून चांगली जागा सापडणे कठीण आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण ते चुकले की पुढचे सगळेच चुकते. फरक रक्तात असता, तर उपचारांची दारे उघडल्यावरही तो जसाच्या तसा दिसायला हवा होता, आणि तसे घडलेले नाही. २०१५ मध्ये मेम्फिसच्या व्हीए रुग्णालयातील डॉ. चाबा कोव्हेस्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडे शाबूत असलेल्या ३० लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या. वय, इतर आजार आणि आर्थिक स्थिती हिशेबात घेतल्यावर कृष्णवर्णीय माजी सैनिकांचा मृत्युदर गोऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी निघाला. सर्वसामान्य अमेरिकी लोकसंख्येच्या नमुन्यात मात्र त्याच संशोधकांना कृष्णवर्णीयांचा मृत्युदर ४२ टक्क्यांनी जास्त आढळला. प्रोस्टेटच्या कर्करोगाने अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात मरतात, आणि त्यांच्यात हा रोग मुळातच आक्रमक असतो असे आम्हाला शिकवले गेले होते. २०२० मध्ये व्हीएमधील ६० हजारांहून अधिक प्रोस्टेट रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या रोगाने दहा वर्षांत होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ४.४ टक्के आणि गोऱ्यांत ५.१ टक्के होते. वेळेवर तपासणी झाली, निदानानंतर उपचार झाले, आणि ‘मुळातला’ म्हणून गणलेला फरक दिसेनासा झाला.

इथे एक सावधगिरी घ्यायलाच हवी, आणि परीक्षकही ती तुम्हाला विचारतील. सैन्यात भरती होताना वैद्यकीय चाचणी होते, म्हणजे हा समूह मुळातच निवडलेला आहे. शिवाय व्हीएकडे येणारे गोरे माजी सैनिक सरासरी गोऱ्या अमेरिकी माणसापेक्षा गरीब आणि अधिक आजारी असतात. ज्यांना खासगी विमा परवडतो त्यांतले बरेच जण इकडे फिरकत नाहीत. त्यामुळे त्या २४ टक्क्यांचे सगळे श्रेय उपचारांना देता येणार नाही. पण ‘हे आनुवंशिकच आहे’ या विधानाला तो आकडा निश्चितच खोटे ठरवतो.

जनुकांचा अजिबात संबंध नाही असेही मी म्हणत नाही, कारण माझ्याच विषयात तो आहे. एपीओएल-१ नावाच्या जनुकाचे दोन प्रकार पश्चिम आफ्रिकेत निद्रारोगाच्या परजीवीपासून संरक्षण देत टिकून राहिले. आई आणि वडील दोघांकडूनही ते मिळाले तर मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो. कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांपैकी साधारण आठात एकाकडे अशी जोडी असते, आणि अशी जोडी असलेल्यांपैकीही बहुतेकांची मूत्रपिंडे आयुष्यभर नीट चालतात. म्हणजे हा एका जनुकाचा प्रश्न आहे आणि तो चाचणी करून ओळखता येतो. कातडीचा रंग पाहून तो ओळखायला जाणे म्हणजे आडनावावरून रक्तगट ठरवण्यासारखे आहे.

मग फरक उरतो कुठे? २०११ मध्ये अमल त्रिवेदी आणि सहकाऱ्यांनी व्हीएच्या जवळजवळ दशकभराच्या नोंदींवरून एक फार उपयोगी गोष्ट दाखवली. नव्वदच्या दशकात व्हीएच्या आरोग्यसेवेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. केनेथ कायझर यांनी ही व्यवस्था आमूलाग्र बदलल्यानंतर डॉक्टरने काय केले, म्हणजे रक्तदाब मोजला का, साखरेची चाचणी सांगितली का, डोळे तपासले का, यातला वर्णानुसारचा फरक जवळपास मिटला होता. पण त्या उपायांतून काय साधले, म्हणजे रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात आले का, यातला फरक मात्र तसाच होता. आम्ही दवाखान्यात जे करतो ते सारखे झाले. रुग्ण घरी गेल्यावर जे घडते ते झाले नाही.

घरी काय घडते हे कळण्यासाठी घर कुठे आहे हे पाहावे लागते, आणि त्यासाठी १९४४ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी २२ जून रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च आणि घरासाठी कर्जाची हमी दिली. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. अंमलबजावणी मात्र स्थानिक बँका आणि स्थानिक कार्यालयांच्या हाती होती. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यातील १३ शहरांत केलेल्या एका पाहणीत हमीची ३,२२९ कर्जे मंजूर झालेली आढळली, आणि त्यांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली होती फक्त दोन. गोऱ्या सैनिकाने त्या कर्जातून उपनगरात घर घेतले, त्या घराची किंमत वाढली आणि त्यावर मुले शिकली. कृष्णवर्णीय सैनिक भाड्याच्या घरात, महामार्ग आणि कारखाने ज्या वस्त्यांतून नेले गेले तिथे राहिला. माझ्याकडे आज येणारे कित्येक रुग्ण त्या सैनिकांची मुले आणि नातवंडे आहेत, आणि ते स्वतःही सैनिक होते. मी त्यांना मीठ कमी करा आणि ताजी भाजी खा असे सांगते. त्यांच्यापैकी कित्येकांना ताज्या भाजीच्या दुकानापर्यंत जायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात ती डब्यातली, मिठात बुडवलेली सूप. दोन रुग्णांना मी एकच गोळी एकाच मात्रेत लिहून देते, पण त्या गोळीला दोन वेगळ्या वस्त्यांशी झुंजावे लागते.

दुसरी जागा आहे प्रवेशद्वाराची. ‘व्हीएमध्ये सर्वांना सारखे’ यातले ‘सर्व’ कोण, हा प्रश्न अभ्यासक फार कमी विचारतात. सैन्यातून बाहेर पडताना प्रत्येकाला सेवामुक्तीचा शेरा मिळतो. तो शेरा वाईट असेल तर व्हीएचे दार बंद होऊ शकते. २०२४ मध्ये विभागाने हे नियम काहीसे सैल केले, पण ते अजूनही आहेत. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०१९ मध्ये दाखवून दिले की सैन्याच्या सर्व दलांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिनो, जवानांवर चौकशी आणि लष्करी खटल्याची वेळ गोऱ्यांपेक्षा अधिक येते. ज्यांना असा शेरा मिळाला ते व्हीएच्या आकडेवारीत येतच नाहीत, आणि मग आपण म्हणतो की व्हीएमध्ये फरक कमी आहे.

आत आलेल्यांपुढेही दुसरे दार असते. सेवेमुळे आलेले अपंगत्व किती टक्के आहे हे ठरते आणि त्यावर माजी सैनिकाला मिळणारी भरपाई, उपचारांतला अग्रक्रम आणि औषधांचे शुल्क अवलंबून असते. ५० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व मान्य झालेल्याला औषधांसाठी काहीच द्यावे लागत नाही. भरपाईचे दावे मंजूर होण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत कमी असल्याचे त्याच यंत्रणेने २०२३ मध्ये नोंदवले. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, व्हिएतनाम युद्धात लढलेले कॉन्ली मंक यांनी याच भेदभावाबद्दल कनेक्टिकटच्या केंद्रीय न्यायालयात सरकारवर दावा दाखल केला. वाईट शेऱ्यामुळे त्यांना कित्येक वर्षे लाभ नाकारले गेले होते. इथे एक चांगली गोष्टही सांगायला हवी. ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने, व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या रसायनाशी संबंध आलेल्या सैनिकाचा उच्च रक्तदाब सेवेमुळेच आला असे गृहीत धरले जाऊ लागले. उच्च रक्तदाब कृष्णवर्णीयांत अधिक आढळतो, त्यामुळे या एका ओळीने माझ्या अनेक वृद्ध रुग्णांना त्यांच्या हक्काचे मिळाले.

तिसरी जागा आमच्या हातातल्या मोजमापांची आहे, आणि इथे मला थोडे थांबून सांगावेसे वाटते.

मूत्रपिंडे किती काम करतात हे आम्ही रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून सूत्राने काढतो; आकडा जितका कमी, तितके मूत्रपिंडांचे काम कमी. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले सूत्र १,६२८ रुग्णांवर बेतलेले होते. त्यांत कृष्णवर्णीय होते १९७. तेवढ्यांच्या सरासरीवरून ठरले की रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला सुमारे १.२ ने गुणायचे. कारण असे दिले गेले की त्यांच्या शरीरात स्नायू अधिक असतात. ते प्रत्येक रुग्णात मोजून कुणी पाहिलेले नव्हते. २००९ च्या सुधारित सूत्रात गुणक १.१६ झाला, पण राहिला. प्रयोगशाळेच्या अहवालावर दोन ओळी छापून येत: एक आफ्रिकन अमेरिकन असल्यास, एक नसल्यास. मी कित्येक वर्षे त्यांतली एक ओळ निवडून वाचत आले आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटले नाही.

२०१९ च्या हिवाळ्यात माझ्याकडे ६२ वर्षांचे एक गृहस्थ आले. १९९१ च्या आखाती युद्धात ते रणगाडे दुरुस्त करत. सगळे जुने अहवाल तारखेप्रमाणे लावून, रबरबँड घालून ते घेऊन येत. त्या दिवशी क्रिएटिनिन ३.४ होते. त्यांनी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला, एका ओळीवर एक बोट आणि दुसरीवर दुसरे बोट टेकवले. पहिली ओळ म्हणत होती २१, दुसरी १८. प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते ती आकडा २० किंवा त्याखाली आल्यावर. ते म्हणाले, “डॉक, माझी आई गोरी होती. मग मी कुठली ओळ वाचायची?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. नियमाप्रमाणे मी २१ धरले आणि ते थांबले. त्यांचा आकडा आणखी घसरून यादीत नाव लागायला १४ महिने गेले.

सप्टेंबर २०२१ मध्ये आमच्या दोन राष्ट्रीय संस्थांच्या कृतिगटाने वर्णाचा गुणक काढून टाकलेले सूत्र सुचवले आणि त्यानंतर ते व्हीएसह अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लागू झाले. त्या सूत्राने त्याच गृहस्थांचा त्याच दिवसाचा आकडा १९.६ येतो. अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय जाळ्याने २०२२ मध्ये वर्णावर आधारित सूत्र वापरण्यास मनाई केली आणि जानेवारी २०२३ पासून कृष्णवर्णीय उमेदवारांचा हिरावलेला काळ त्यांच्या खात्यात जमा करायला सुरुवात झाली. मार्च २०२४ पर्यंत १४ हजारांहून अधिक लोकांच्या खात्यात सरासरी दोन वर्षे जमा झाली. या गृहस्थांचेही १४ महिने जमा झाले. ते कळवायला मी स्वतः फोन केला. त्यांनी विचारले की यादीत नाव लागण्याआधीच जे गेले त्यांचे काय, आणि त्यांच्या भावाचे नाव सांगितले.

सूत्र हे एकच उदाहरण नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गडद त्वचेत ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. व्हीएच्या शंभराहून अधिक रुग्णालयांतील नोंदींवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. यंत्र ठीक दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन कमी निघण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत १५.६ टक्के होते आणि कृष्णवर्णीयांत १९.६ टक्के. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात घरोघरी हेच यंत्र घेतले गेले, आणि आपली त्वचाही काही एकाच छटेची नाही. तुमच्याकडच्या एखाद्या शिक्षकांना हा विषय सुचवून पाहा.

कोविडचा विषय निघालाच आहे तर २०२० चा व्हीएचा अभ्यासही लक्षात ठेवा. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक माजी सैनिकांत चाचणी सकारात्मक येण्याचा संभव गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता, पण लागण झाल्यानंतर तीस दिवसांतल्या मृत्यूंत वर्णानुसार फरक आढळला नाही. संसर्ग झाला तो घरात, बसमध्ये, कामाच्या जागी. रुग्णालयात आल्यानंतर नशीब सारखे होते. मी वर जे वस्तीबद्दल लिहिले त्याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

विश्वासाबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. अलाबामातील टस्कीगी हे नाव माझ्या कृष्णवर्णीय रुग्णांच्या तोंडी वरचेवर येते. तिथे १९३२ ते १९७२ या काळात सार्वजनिक आरोग्य सेवेने ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, उपचारांविना ‘निरीक्षणाखाली’ ठेवला. ते संशोधन व्हीएचे नव्हते. पण त्याच गावात १९२३ मध्ये कृष्णवर्णीय माजी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले होते. तिथे कृष्णवर्णीय डॉक्टर नेमावेत या मागणीविरुद्ध त्या जुलैत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेने मोर्चा काढला, आणि तरीही पुढच्या वर्षी डॉ. जोसेफ वॉर्ड त्या रुग्णालयाचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख झाले. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी दिला, पण दक्षिणेकडच्या व्हीए रुग्णालयांत वेगळे वॉर्ड पन्नासच्या दशकापर्यंत होते. ऐंशी वर्षांचा रुग्ण शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करताना हात आखडता घेतो, तेव्हा आम्ही त्याला ‘नकार’ म्हणून नोंदवतो. डॉ. सैद इब्राहिम यांनी गुडघ्याच्या सांध्याबद्दल व्हीएमध्ये दीर्घकाळ संशोधन केले. कृष्णवर्णीय रुग्ण सांधेबदलाला कमी तयार असतात, आणि त्यामागे वेदना फार होतील, बरे व्हायला फार काळ लागेल ही अपेक्षा असते, असे त्यांना दिसले. ही अपेक्षा माहिती देऊन, वेळ देऊन बदलता येते. नोंदीत ‘रुग्णाने नकार दिला’ एवढेच लिहिले की तो दोष रुग्णाचा ठरतो आणि आमचे काम संपते.

लॅटिनो, मूलनिवासी आणि आशियाई माजी सैनिकांची कहाणी वेगळी आहे, ती कृष्णवर्णीयांच्या कहाणीत मिसळू नका. टेक्सासमध्ये डॉ. हेक्टर गार्सिया या स्वतः युद्धात गेलेल्या डॉक्टरने १९४८ मध्ये मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांची संघटना उभारली, ती रुग्णालयात खाट आणि लाभ मिळत नव्हते म्हणून. व्हिएतनामनंतरच्या १९८८ च्या राष्ट्रीय अभ्यासात, प्रत्यक्ष रणभूमीवर गेलेल्या पुरुषांपैकी युद्धोत्तर मानसिक आघाताचा विकार गोऱ्यांत १३.७ टक्के, कृष्णवर्णीयांत २०.६ टक्के आणि हिस्पॅनिकांत २७.९ टक्के आढळला होता. मूलनिवासी लोक लोकसंख्येच्या मानाने फार मोठ्या प्रमाणात सैन्यात जातात, पण त्यांच्या राखीव प्रदेशांपासून व्हीएचे रुग्णालय कित्येकदा शेकडो किलोमीटर दूर असते. २०२३ मध्ये त्यांचे उपचार-शुल्क माफ झाले, अंतर मात्र तेवढेच आहे. अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेल्या फिलिपिनो सैनिकांचे बहुतेक लाभ तर १९४६ मध्ये संसदेने कायदा करूनच काढून घेतले. २००९ मध्ये त्यांना एकरकमी पैसे दिले गेले, नागरिकांना १५ हजार डॉलर आणि इतरांना ९ हजार, आणि तोवर त्यांतले बहुतेक हयात नव्हते.

आता तुमच्या प्रबंधाबद्दल. एवढा विषय एका प्रबंधात मावणार नाही, म्हणून एकच आजार घ्या आणि त्याचा सेवामुक्तीपासून निष्पत्तीपर्यंतचा रस्ता काढा: पात्र कोण ठरला, दावा कुणाचा मंजूर झाला, तपासणी कधी झाली, कशाने मोजले, उपचार सुचवले का, रुग्णाने ते घेतले का, आणि शेवटी काय झाले. प्रत्येक टप्प्यावर वर्णानुसार किती जण गळतात ते मोजा. बहुतेक शोधनिबंध शेवटचे दोन टप्पे मोजतात, कारण त्यांची आकडेवारी सहज मिळते. ‘वर्ण हिशेबात घेतला’ असे जिथे वाचाल तिथे तो कशाच्या जागी वापरला आहे हे विचारा. उत्पन्नाच्या, वस्तीच्या, जनुकाच्या की निव्वळ सवयीच्या. आणि वर्णाची नोंद कुणी केली तेही पाहा. रुग्णाने स्वतः सांगितला की खिडकीपलीकडच्या कारकुनाने चेहरा पाहून लिहिला, हे जुन्या नोंदींत पुष्कळदा वेगवेगळे निघते. मूत्रपिंडाचा विषय घेणार असाल तर २०२१ च्या आधीचे आकडे जसेच्या तसे वापरू नका. क्रिएटिनिन, वय आणि लिंग एवढे घेऊन नव्या सूत्राने स्वतः पुन्हा मोजा. काम एका दिवसाचे आहे, आणि कुठे अडलात तर मला जरूर लिहा.